पाडलं तर उठायचं कसं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गावोगावच्या कुस्तीच्या दंगलींवर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत दंगलीबद्दल थोडं आणि भलत्याच गोष्टीबद्दल जास्त विचारलेलं आहे: आखाड्यातले डाव अंगावर बेतलं तर कामी येतात का? कुस्ती, ज्युदो आणि जमिनीवरची झटापट शिकवणाऱ्या आमच्या तज्ज्ञांनी त्यातल्या काही पत्रांना दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : मी पाच वर्षांपासून आखाड्यात जातो, वजन 74 किलो आहे. मित्र म्हणतात, रस्त्यावर कुस्ती चालत नाही, त्याला कराटेच लागतं. खरं काय ते सांगा.
– एक पैलवान, बाळापूर तालुका

उत्तर : मित्रांचं अर्धंच खरं आहे. समोरच्याचा तोल कुठे गेला हे हाताला कळणं, अंगाला अंग भिडल्यावर न गोंधळणं आणि दम टिकवणं, हे तुमच्याकडे आहे. ते कोणत्याही शिबिरात मिळत नाही. पण आखाड्याच्या नियमांनी काही सवयी लावल्यात, त्या मोडाव्या लागतील.

सगळ्यात वाईट सवय पालथं पडण्याची. चीत होऊ नये म्हणून पैलवान खाली गेला की पोटावर वळतो, हातपाय पसरून जमीन धरतो आणि वरच्याला पाठीवर सवारी देऊन पंचाच्या शिट्टीची वाट बघतो. पांदणीत, म्हणजे शेतातल्या वाटेवर, शिट्टी वाजत नाही. पालथ्या माणसाला वरून येणारा ठोसा दिसत नाही, दगड दिसत नाही. स्वतःचे हात अंगाखाली अडकतात आणि गळ्यात हात घालायला मागून रस्ता मोकळा मिळतो. इथे पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. पाठीवर राहून दोन्ही पाय त्याच्याकडे ठेवलेले असणं पालथं पडण्यापेक्षा कितीतरी बरं. जोडीदाराला सांगा, रोज दहा वेळा पाड. प्रत्येक वेळी पोटावर न जाता कुशीवर वळायचं आणि गुडघा त्याच्या नि आपल्या मध्ये आणायचा. जुना पैलवान असेल तर यालाच सर्वांत जास्त दिवस लागतात, कारण अंग डोक्याचं ऐकत नाही.

दुसरी सवय पटाची, म्हणजे वाकून समोरच्याचा पाय ओढण्याची. एकेरी पट काढताना गुडघा जमिनीवर आपटतो. आखाड्यातली माती उकरलेली असते म्हणून तो वाचतो. डांबरावर गुडघ्याची वाटीच फुटायची. शिवाय पट काढताना डोकं खाली जातं आणि मान त्याच्या काखेखाली सापडते. कुस्तीत गळा आवळणं नियमात बसत नाही, म्हणून तिथे हे खपून जातं. बाहेर कुणीही आवळेल. त्याऐवजी उभ्यानेच भिडा: एक हात मानेवर, दुसरा त्याच्या दंडावर, कपाळ त्याच्या जबड्याला चिकटलेलं. त्यामुळे त्याला ठोशासाठी जागा मिळत नाही. तिथून बगलडूब करून, म्हणजे त्याच्या काखेखालून डोकं काढून, पाठीमागे जा. पाठीमागे पोचलात की पाडायचंच असा हट्ट नको, पुढे ढकला आणि निघा.

ढाक, धोबीपछाड, कलाजंग हे फेकण्याचे डाव दंगलीतच ठेवा. स्पर्धेची मॅट सहा सेंटिमीटर जाड असते, तरी तिच्यावर पाठ आदळली की श्वास अडकतो. सिमेंटच्या रस्त्यावर डोक्याची कवटी आपटली तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो, आणि मग पुढची दहा वर्षं कोर्टाच्या तारखा. फेकणारा स्वतःही सोबत खाली जातो हे वेगळंच. पाडायचंच झालं तर मागून कंबर धरून, आडवा पाय लावून बुडावर बसवा.

आणि हात बघा. आखाड्यात समोरच्याच्या हातात काही नसतं, म्हणून पैलवानाचं लक्ष पायांवर आणि कंबरेवर असतं. शेतात कमरेला विळा असतो, खिशात चाकू असू शकतो. त्याचा एक हात दिसेनासा झाला तर डाव सोडून ते मनगट शोधायचं. शस्त्र निघालंच तर दोन्ही हातांनी त्याचा तो एक हात, मनगट आणि कोपराच्या वर असा धरून छातीशी घट्ट दाबायचा. हेही पळायला वाटच नसेल तेव्हाच. चाकूपुढे अंतर ठेवण्याइतका चांगला डाव कोणत्याच वस्तादाकडे नाही.

कराटे वाईट नाही. अंतर राखायला आणि लाथेने थांबवायला ते शिकवतं. पण कुणी कॉलर धरली, मिठी मारली की पुढचं काम कुस्तीचंच.

प्रश्न : आमच्या गावाला एसटी फाट्यापर्यंतच येते, पुढे दीड किलोमीटर पांदण. तुरी वाढल्या की बाजूने कोण येतंय ते दिसत नाही. कॉलेजात दोन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर झालं, त्यात ठोसे-लाथा शिकवल्या, प्रमाणपत्र दिलं. पण कुणी खाली पाडून अंगावर बसलं तर काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही. माझं वजन 47 किलो आहे.
– एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

उत्तर : तुम्ही विचारलेलं शिबिरांत बहुतेक वेळा राहूनच जातं, कारण त्यासाठी खाली लोळावं लागतं आणि मंचावर ते शोभत नाही.

पडण्यापासून सुरू करू. पडताना हात सरळ मागे टेकवायचा नाही. सगळा भार मनगटावर येतो आणि मनगट नाहीतर गळपट्टीचं हाड मोडतं. तोल गेला की खाली बसत जा, बूड टाचेजवळ टेकू द्या, हनुवटी छातीला लावा आणि पाठ गोल करून मागे लोळा. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं, म्हणून पहिले काही दिवस गादीवर फक्त एवढंच करा.

आता तो अंगावर बसलाय, दोन्ही गुडघे तुमच्या बाजूंना, हात गळ्यावर. पहिली चूक म्हणजे त्याच्या छातीला हात लावून वर ढकलणं. 47 किलोच्या मुलीला 70 किलोचा माणूस हातांनी उचलणं जमणार नाही, चार-पाच सेकंदांत दंड गळून जातात. कंबरेत मात्र ती ताकद आहे. क्रम असा ठेवा:

हनुवटी खाली, खांदे कानांकडे. यामुळे गळ्यावरचा दाब थोडा कमी होतो.

दोन्ही हातांनी त्याचा एकच हात धरा, समजा उजवा. एक हात मनगटावर, दुसरा कोपराच्या मागे, आणि तो आपल्या छातीशी ओढून दाबा.

त्याच बाजूचा त्याचा पाय अडकवा. त्याचा उजवा हात धरला असेल तर तो तुमच्या डावीकडे येतो, म्हणून तुमचं डावं पाऊल त्याच्या उजव्या घोट्याच्या बाहेरून लावून आत ओढा.

टाचा बुडापाशी आणा आणि कंबर आकाशाकडे जोरात उचला. तो पुढे तुमच्या डोक्याच्या दिशेने कलंडतो. तो कलंडला की मगच डाव्या खांद्यावरून तिरपं वळा.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. टाचा दूर राहिल्या तर कंबर वीतभरही उठत नाही. कंबर न उचलता नुसतं कुशीवर वळलात तर तो हलत नाही, उलट तुम्ही पालथ्या होता. आणि हात-पाय दोन्ही एकाच बाजूचे अडकवले नाहीत तर तो मोकळा हात किंवा पाय टेकून तोल सावरतो, खाटेला दोन्ही बाजूंनी टेकू असावा तसा. पहिला झटका वाया गेला तर दुसरा त्याच बाजूला न देता आधी विरुद्ध बाजूला हुलकावणी द्या.

कंबर उचलूनही तो हलला नाही तर कुशीवर वळा, कोपर त्याच्या गुडघ्याला लावून टेकू घ्या आणि पायाने जमीन रेटत आपली कंबर मागे सरकवा. त्याला लोटायला जाऊ नका, स्वतः सरका. टीचभर फट पडली की आपला गुडघा आत घाला, मग पाऊल त्याच्या कंबरेवर ठेवून लोटा. ज्युदोच्या वर्गात ही सरपटण्याची कसरत रोज सुरुवातीलाच करून घेतात. कंटाळवाणी आहे, पण वेळेला हीच वाचवते.

तो उलटला की तुम्ही त्याच्या पायांमध्ये वर असता. तिथे रेंगाळू नका. लगेच उठा, मागे सरका, निघा.

तो उभा आणि तुम्ही खाली असाल तर उठण्याची रीत वेगळी. पुष्कळ जण दोन्ही हात पुढे टेकून, मान खाली घालून उठतात आणि नेमकी तोंडावर लाथ बसते. पाय त्याच्याकडे ठेवून पाठीवर फिरत राहा, तो जवळ आला की टाचेने त्याच्या नडगीवर किंवा गुडघ्यावर मारा. तो पाऊलभर मागे गेला की उजवा हात मागे जमिनीवर, डावं पाऊल जमिनीवर, डावा हात तोंडासमोर. आता उजवा पाय उचलून त्या हाता-पावलाच्या मधून मागे घ्या आणि उभ्या राहा. या सगळ्यात नजर त्याच्यावरून हलता कामा नये.

गळ्याबद्दल एक गोष्ट मनात पक्की करा. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते. म्हणून गळ्यावर हात आला की बाकी सगळं नंतर. आणि सुटल्यावर गळ्यावर वळ नसला तरी डॉक्टरांकडे जायचंच. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, यांतलं काहीही असेल तर ग्रामीण रुग्णालयात थांबू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. गळ्याला आतून सूज काही तासांनी चढू शकते.

सराव रोजच्या कपड्यांतच करा. ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली असेल तर तिचाच फास होतो. ती एका खांद्यावर मोकळी ठेवा किंवा सॅकमध्ये घाला. चपलेपेक्षा मागून पट्टा असलेली सँडल बरी. एका मैत्रिणीबरोबर आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, प्रत्येक बाजूने दहा-दहा वेळा. पहिले तीन आठवडे जोडीदाराने अजिबात विरोध करायचा नाही, नंतर थोडा, आणि तीन महिन्यांनी निम्म्या ताकदीने. विरोध नसलेला सराव पाठांतर होतो, कामाचा होत नाही. मैत्रीण 47 किलोचीच असेल तर मधूनमधून घरातल्या वजनदार काकूला किंवा भावाला नुसतं अंगावर बसवून बघा. वजन काय असतं ते तेव्हाच कळतं.

कायद्याची भीती बाळगू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 38 नुसार बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही जातो. फोन 112 वर. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्द आमची नाही असं म्हणून ते परत पाठवू शकत नाहीत.

प्रश्न : समोरचा माझ्यापेक्षा 25 किलोंनी जड असेल तर हे डाव चालतात का?
– वाचक, पुसद

उत्तर : त्याच्या खालून निसटायला चालतात. त्याला दाबून ठेवायला नाही. जड माणसाला खाली धरून ठेवायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद आहे. शेजारचे तिघे भाऊ आहेत, मी एकटा. रात्री रानडुकरांसाठी जागलीला जातो. मागे एकदा धक्काबुक्की झाली. मी तरुणपणी कुस्ती केलेली आहे. अंगावर आले तर एकाला धरून आडवा केला तर बाकीचे घाबरतील का?
– शेतकरी, कळंब तालुका

उत्तर : नाही घाबरणार. तुम्ही एकाला धरून खाली गेलात की तुमचे दोन्ही हात त्याच्यात गुंतले आणि उरलेल्या दोघांसाठी तुमची पाठ आणि डोकं मोकळं झालं. एकापेक्षा जास्त माणसं असतील तिथे जमिनीवर जाणं ही सगळ्यात वाईट जागा. त्यात तूर सोंगल्यानंतरचं वावर असेल तर जमिनीत तिरपी कापलेली धसकटं उभी असतात, ती पाठीत शिरतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटतो, डाव तर सोडाच, पाय उचलत नाही.

तिघे आले तर एकाच्या दंडाला आणि मानेला धरून त्यालाच मध्ये ठेवत फिरत राहा, म्हणजे बाकीच्यांना थेट तुमच्यापर्यंत येता येत नाही. बैलबंडी, विहिरीचा कठडा, झाड यांच्याकडे पाठ करा, पण कोपऱ्यात सापडू नका. पडलातच तर दोन्ही हातांनी डोक्याची मागची बाजू आणि कान झाका, कोपरं पुढे, आणि संधी मिळताच उठा. रात्री हातातली जोराची बॅटरी डोळ्यांवर मारणं कुस्तीपेक्षा जास्त कामाचं आहे.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वसंरक्षण तिच्यात कलम 34 ते 44 मध्ये आहे. तुमच्या कामाच्या गोष्टी दोन. बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा केली तर तो बचाव राहत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असताना हा हक्क मिळत नाही. ही दोन्ही कलम 37 मध्ये आहेत. हक्क धोक्याची वाजवी भीती वाटल्यापासून सुरू होतो आणि धोका संपला की संपतो. तो पळायला लागल्यावर मागून गाठून काठी हाणली, तर आरोपी तुम्ही.

धक्काबुक्की एकदा झालेली आहे, म्हणजे आज तुमच्याकडे वेळ आहे. पोलीस पाटलांना सांगा, ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या, आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. तोवर जागलीला एकटे जाऊ नका.

प्रश्न : मोठा भाऊ पोळ्याला, मंडईच्या जत्रेला पिऊन येतो आणि घरात आरडाओरड, मारहाण करतो. आम्ही दोघं धाकटे भाऊ त्याला खाली पालथा पाडून पाठीवर बसतो, शांत होईपर्यंत. यात काही चूक आहे का?
– वाचक, साकोली तालुका

उत्तर : हो, आणि जीवघेणी चूक. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन टाकलं की त्याची छाती फुगू शकत नाही. दारूने श्वास आधीच मंद असतो, पोट भरलेलं असतं, उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते. तो धडपडतो ती मस्ती वाटते, खरं तर तो श्वासासाठी धडपडत असतो. मग तो एकदम शांत होतो आणि घरच्यांना वाटतं, उतरली.

दोघं आहात तर उभ्यानेच एकेक हात घ्या. एक हात मनगटावर, दुसरा कोपराच्या वर, त्याचा दंड तुमच्या छातीशी चिकटलेला. दोघांनी एकाच वेळी पाऊल टाकत त्याला भिंतीशी न्या आणि पाठ टेकवून खाली बसवा. मनगट मुरगळू नका. दारूच्या नशेत दुखणं उशिरा कळतं, तोवर हाड जातं. खाली पडलाच तर आधी त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवून टेकवा, तोंड जरा खाली राहील असं ठेवा. पाठीवर, मानेवर, पोटावर कुणाचाही गुडघा नको. धरणाऱ्यांनी आळीपाळीने त्याच्याशी बोलत राहावं. उत्तर येतंय तोवर श्वास चालू आहे. श्वास घोरल्यासारखा झाला, ओठ निळसर दिसले किंवा हाकेला ओ येईना, तर 108.

घरातल्या बायका-मुलांना आधी बाहेर काढा, विळी-कुऱ्हाड उचलून ठेवा. त्याला धरायची वेळ त्यानंतर. दारू प्यालेल्या माणसाच्या हल्ल्यापासूनही बचावाचा हक्क तेवढाच असतो, हे कलम 36 मध्ये स्पष्ट आहे. मात्र धरून ठेवणं हा दारू सोडवण्याचा उपाय नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, तोही शुद्धीत असताना.

प्रश्न : आखाड्यात सगळ्यांना गजकर्ण झालंय. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, आधी गेलं आणि दुप्पट परत आलं.
– वाचक, अचलपूर

उत्तर : त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असणार. त्याने खाज थांबते, बुरशी वाढते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, गोळ्या-मलम ते सांगतील तितके दिवस पूर्ण करा, डाग दिसेनासा झाला म्हणून सोडू नका. लंगोट आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, रोज धुऊन उन्हात वाळवलेला. आपल्याकडे उन्हाची कमी नाही. डाग असेपर्यंत मातीत उतरायचं नाही, मग तो वस्तादांचा मुलगा का असेना.

प्रश्न : गावातल्या पंधरा-वीस मुलामुलींना शिकवायचं आहे. मॅटला पैसे नाहीत, जमीन काळी आहे. आखाडा कसा करावा?
– शिक्षक, सेलू तालुका

उत्तर : काळी माती आखाड्याला चालत नाही. ओली झाली की चिकटते, सुकली की भेगा पडतात आणि ढेकळं दगडासारखी होतात. तिच्यावर भर घालावी लागते. 15 बाय 15 फुटांचा चौक फूटभर खोल खणा, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून कडेने वीतभर उंच बांध, वर टिनाचं छप्पर. जवळपास मिळेल ती लाल माती बारीक चाळणीने चाळून भरा, खडा एकही राहता कामा नये. ताक, तेल, हळद, लिंबू घालण्याची पद्धत आहे. तेलामुळे धूळ उडत नाही, माती हाताला मऊ लागते. रोज सरावाआधी फावड्याने वीतभर उकरा आणि हलकं पाणी शिंपडा. उकरणं चुकलं की चार दिवसांत ती जमीनच होते.

माती मिळतच नसेल तर चुंगड्यांत (पोत्यांत) गव्हाचं कुटार (भुसा) किंवा धानाचं तणीस (पेंढा) दाबून भरा, शेजारी शेजारी घट्ट मांडा आणि वरून ताडपत्री ताणून चारही बाजूंना खुंट्यांना बांधा. ताडपत्री सैल राहिली किंवा चुंगड्यांत फट राहिली की पाय त्यात अडकून घोटा मुरगळतो. कापसाच्या गाद्या नुसत्या अंथरल्या तरी हेच होतं. तणीस असेल तर रोज चुंगड्या उचलून, झटकून बघा, खाली विंचू बसतो. सोयाबीनचं कुटार टोचतं, ते नको.

मुलींचा सराव मुलींबरोबर आणि शक्यतो शिक्षिकेसमोर ठेवा. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक खूण शिकवा: दोनदा हाताने थापटलं की जोडीदाराने तत्क्षणी सोडायचं, का ते विचारायचं नाही. गळ्यावरचे डाव लहान मुलांना शिकवायचेच नाहीत, फक्त त्यातून सुटायचं शिकवा. जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात जवळचा कुस्ती किंवा ज्युदो मार्गदर्शक कोण ते कळेल. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथून शारीरिक शिक्षण शिकून बाहेर पडलेले शिक्षक विदर्भभर आहेत. तुमच्याच तालुक्यातल्या एखाद्या शाळेत असा एक सापडेल. त्याला महिन्यातून दोन रविवार मागा आणि मधल्या दिवसांत फक्त पडणं, सरपटणं आणि उठणं एवढंच घ्या.